वकील कधी लावायचा? प्रेसमध्ये बोटं गेलेल्या एका कामगाराचं प्रकरण

जून २०२३ मधली घटना. चाकण पट्ट्यातल्या एका छोट्या कारखान्यात गाड्यांचे ब्रॅकेट तयार होतात. परभणी जिल्ह्यातला २७ वर्षांचा मुलगा तिथे ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर, लागला होता. तीन आठवडे झाले होते, पहिला पगारही हातात पडला नव्हता. माल लवकर निघावा म्हणून दोन हातांनी दाबायची बटणं बंद ठेवून प्रेस पायाच्या पेडलवर चालवत होते. दुसऱ्या पाळीत डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, तुकडा अडकला, तो काढायला त्याने उजवा हात आत घातला आणि प्रेसने आपोआप दुसरा स्ट्रोक मारला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं, अनामिकेची दोन पेरं गेली.

पिंपरीत आमच्या युनियनच्या कार्यालयात मी कामगारांच्या विम्याची आणि भरपाईची कामं बघते. चौथ्या दिवशी त्याचा मोठा भाऊ आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, वकील लावायचा का?" त्याला वकील गाठून झाला होता. हॉस्पिटलच्या जिन्यात एकाने वकीलपत्राचा कोरा फॉर्म हातात दिला होता आणि "आत्ता काही देऊ नका, जे मिळेल त्यातले तीस टक्के" असं सांगितलं होतं. दुसऱ्या बाजूने ठेकेदाराचा माणूस गावी त्याच्या वडिलांना फोन करत होता. ठेकेदार शेजारच्याच गावचा. "आबा, पोरगं आपलंच आहे. कोर्टकचेरीत काय मिळतं? एक सही करू द्या, पंचाहत्तर हजार घेऊन जा."

कंपनी, ठेकेदार, हॉस्पिटल यांची नावं इथे देत नाही. प्रकरण समजायला त्यांची गरजही नाही.

आधी दार कोणतं ते बघायचं

कामावर अपंगत्व आलं तर कामगारापुढे तेव्हा मुख्यतः दोन कायदे होते. एक, १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपलं ईएसआय. दुसरा, १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. ईएसआयमध्ये पैसे ईएसआय महामंडळ देतं आणि कायमचं अपंगत्व असेल तर ते दरमहा, आयुष्यभर मिळतात. १९२३ च्या कायद्यात मालक किंवा त्याची विमा कंपनी एकरकमी देते. दोन्हीकडून घेता येत नाही. कामगार ईएसआयखाली विमाधारक ठरला की ईएसआय कायद्याचं कलम ५३ नुकसानभरपाई कायद्याचा रस्ता बंद करतं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. हे प्रकरण त्याआधीचं, म्हणून कलमं जुन्या कायद्यांची आहेत. नव्या अपघाताला संहितेतली कलमं बघावी लागतील.)

जिन्यातला वकील १९२३ च्या कायद्याचा दावा टाकायला निघाला होता. एकरकमी रक्कम आली की त्याचे तीस टक्के लगेच सुटतात. पण कारखान्यात दहापेक्षा कितीतरी जास्त माणसं होती, मुलाचा पगार महिना १३,००० म्हणजे २१,००० च्या मर्यादेत होता, आणि कारखान्याला ईएसआय लागू होतं. ठेकेदाराचा कामगारसुद्धा ईएसआय कायद्यात 'कर्मचारी'च असतो. विम्याच्या वर्गणीची पहिली जबाबदारी कलम ४० ने मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, टाकली आहे. शिवाय कामावरच्या इजेच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. तेव्हा तो दावा टाकला असता तर दोन-तीन वर्षं तारखा झाल्यावर कलम ५३ वर आपटला असता.

भावाला मी कागदावर आकडे मांडून दाखवले. कारण 'एकरकमी' हा शब्द ऐकला की घरच्यांचे डोळे चमकतात, आणि अडचणीतल्या माणसाचं त्यात काही चुकत नाही. नुकसानभरपाई कायद्यात २७ वर्षं वयाचा गुणक २१३.५७. पगाराचे साठ टक्के ७,८००, गुणिले २१३.५७ म्हणजे १६,६५,८४६. ही झाली शंभर टक्के कायम अपंगत्वाची रक्कम. दोन बोटं गेली तर परिशिष्टात २० टक्के आहेत, अनामिकेच्या दोन पेरांना ६. एकूण २६ टक्के धरले तर साधारण ४ लाख ३३ हजार. ईएसआयमध्ये रोजचा सरासरी पगार ५०० धरला तर त्याचे ९० टक्के ४५०, आणि त्याचे २६ टक्के रोज ११७ रुपये. वर्षाला ४२,७०५. म्हणजे साधारण दहा वर्षांत एकरकमी रक्कम भरून निघते, आणि हा मुलगा सदतीस वर्षांचा झाल्यावरही ते पैसे येतच राहतात. दोन्हींच्या शेजारी ठेकेदाराचे पंचाहत्तर हजार लिहिले. भाऊ बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता.

तीस टक्क्यांबद्दल थोडं. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागायला बार कौन्सिलच्या नियमांनी आपल्याकडे वकिलाला मनाई आहे. इंटरनेटवर अपंगत्व लाभ आणि वकील असं शोधलं की बहुतेक अमेरिकेतला सल्ला समोर येतो. तिथे सोशल सिक्युरिटीच्या दाव्यात वकिलाला थकीत रकमेच्या २५ टक्के आणि नोव्हेंबर २०२४ पासून जास्तीत जास्त ९,२०० डॉलर घेता येतात, तेही सरकारी मंजुरीने. तिथे ते कायदेशीर आहे, इथे नाही. जो वकील पहिल्याच भेटीत नियम मोडतो त्याच्या हातात हाताचं प्रकरण देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि भावाला मी ते तसंच सांगितलं.

केसपेपरवरची एक ओळ

मी त्याला म्हणाले, वकील आत्ता नको, आधी हॉस्पिटलचे कागद आण. ते आले आणि प्रकरणाची खरी गाठ दिसली. दाखल करताना मुलगा अर्धवट शुद्धीत होता, माहिती दिली ठेकेदाराच्या माणसाने. केसपेपरवर इजेचं कारण लिहिलं होतं: घरी कडबा कुट्टीत हात गेला.

भोसरीत दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात. तिथे ना जनावर, ना कडबा. पण कागद हा कागद असतो, पुढे प्रत्येक टेबलावर तोच वाचला जाणार होता. त्याच कागदांच्या गठ्ठ्यात ऑपरेशनची नोंद होती. त्यात सर्जनने हाडांचा चुरा, चिरडलेली त्वचा, हातावर ऑइल आणि ग्रीस असं लिहिलं होतं. कडबा कुट्टीचं पातं कापतं, जखमेची कड बऱ्यापैकी सरळ येते. प्रेस चिरडते. हे सर्जनला वेगळं सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच्या नोंदीवरून, रुग्णाच्या तोंडून पुन्हा माहिती घेऊन, एक खुलाशाचं पत्र दिलं. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचा कागद हाच ठरला, आणि तो मिळवायला वकील लागला नाही. अपघातानंतर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत, सर्जनला रुग्ण आठवतो तोवर, कोणीतरी तिथे जाऊन विचारावं लागतं, एवढंच.

सही न करणं हेही त्याच दिवसांतलं काम. ठेकेदाराच्या कागदाची फोटोकॉपी भावाने मागून आणली होती. त्यात पंचाहत्तर हजार 'माणुसकीच्या नात्याने' दिल्याचं होतं आणि मधेच एक वाक्य होतं की कामगाराने स्वतःहून, कोणी न सांगता, सेफ्टी काढून हात घातला. वाचणाऱ्याला ते साधं वाटेल. पण नुकसानभरपाई कायद्याच्या कलम ३ मध्ये, सुरक्षेचं साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं असेल तर अंशतः अपंगत्वाची भरपाई मालक नाकारू शकतो. (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ही सबब चालत नाही.) ईएसआयचा रस्ता काही कारणाने बंद झाला असता तर उरलेला दुसरा रस्ताही त्या एका वाक्याने अडला असता. हा कागद मात्र मी आमच्या ओळखीच्या कामगार कायद्याच्या वकिलांना दाखवला. पंधरा मिनिटांचा सल्ला, वकीलपत्र नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. समोरच्याने टाइप केलेल्या कागदावर सही करण्याआधी सल्ला नेहमी घ्यावा, मग रक्कम कितीही छोटी असो. वकीलपत्रावर सही करायची वेळ वेगळी असते.

बाकीचं काम घरच्यांनी आणि आम्ही मिळून केलं. ईएसआयच्या शाखा कार्यालयात अपघाताची लेखी माहिती देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. अपघाताचा अहवाल फॉर्म १२ मध्ये मालकाने द्यायचा असतो, तो दिलेला नव्हता. म्हणून कारखान्याला रजिस्टर पत्र पाठवलं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवलं. मुलाच्या मोबाइलमध्ये सुपरवायझरचे मेसेज होते, 'उद्या सेकंडला ये, प्रेस ३ वर', अपघाताच्या आधीच्या दोन आठवड्यांतले. ते तारखांसकट छापून घेतले आणि मूळ फोन जपून ठेवायला सांगितला. त्याच पाळीत काम करणाऱ्या दोघांनी तोंडी सगळं सांगितलं, लिहून द्यायला मात्र ते तयार नव्हते. त्यांची नोकरीही त्याच ठेकेदाराकडे होती. मी त्यांना गळ घातली नाही.

या टप्प्यावर वकील लावला असता तर त्याने हेच करायला सांगितलं असतं आणि फी घेतली असती. ज्या कामगाराचं ईएसआय कार्ड आहे, मालकाने फॉर्म १२ वेळेत दिला आहे आणि शाखेला काही शंका नाही, त्याला तात्पुरत्या अपंगत्वाच्या लाभासाठी वकिलाची गरज पडत नाही. ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि दाव्याचा फॉर्म दिला की पगाराच्या नव्वद टक्के दराने पैसे खात्यात जमा होतात. अशी कितीतरी प्रकरणं आमच्याकडे नुसत्या चकरांवर सुटतात.

पत्र आलं तेव्हा

ऑगस्टमध्ये शाखेचं पत्र आलं. मुलाची ईएसआय नोंदणी ठेकेदाराने ऑनलाइन केली होती, पण अपघात झाल्यावर दोन दिवसांनी, आणि कामावर रुजू झाल्याची तारीखही अपघातानंतरची टाकली होती. सोबत केसपेपरची ती पहिली ओळ जोडली होती. शाखेचं म्हणणं असं की अपघाताच्या दिवशी तो नोकरीत असल्याचं दिसत नाही, इजा कामावरची आहे असंही दिसत नाही, त्यामुळे दावा मान्य करता येत नाही.

त्याच दिवशी भावाला मी सांगितलं, आता वकील.

का ते सांगते, कारण माझ्या मते निर्णयाची कसोटी इथेच आहे. इजा किती मोठी यावर वकील लावायचा की नाही हे ठरत नाही. आतापर्यंत आम्ही कागद गोळा करत होतो, आता एका अधिकाऱ्याने त्या कागदांवरून आमच्या विरोधात लेखी मत दिलं होतं. तो नोकरीत होता की नाही, हा आता वादाचा मुद्दा झाला. असा वाद ईएसआय कायद्याच्या कलम ७५ खाली विमा न्यायालयाने सोडवायचा असतो. तिथे साक्षी होतात, उलटतपास होतो, आणि कायद्याच्या मुदती लागतात.

मुदतींचा गुंता तर असा होता की मीही एकटीने त्यात हात घातला नसता. विमा न्यायालयात जायला वादाचं कारण घडल्यापासून तीन वर्षं असतात, पण त्यासाठी लाभाची मागणी तो देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत केलेली असावी लागते. नुकसानभरपाई कायद्यात दावा अपघातापासून दोन वर्षांत टाकावा लागतो. आता समजा विमा न्यायालयाने तिसऱ्या वर्षी म्हटलं की हा विमाधारक नव्हता. मग नुकसानभरपाईचा दावा हाच रस्ता उरतो आणि त्याची मुदत तोवर संपलेली असते. उशीर माफ करून घेता येतो, पण ते न्यायालयाच्या मर्जीवर. त्यामुळे ईएसआयची लढाई लढताना दुसरा दावाही दोन वर्षं भरायच्या आत, 'ईएसआय लागू नाही असं ठरलं तर' अशा पर्यायी मागणीने दाखल करायची तयारी ठेवावी लागते, आणि दोन्ही अर्जांतली विधानं एकमेकांना छेद देणार नाहीत अशी लिहावी लागतात. वकिलाची फी इथे वसूल होते. जिन्यातल्या वकिलाने एकच अर्ज टाकला असता आणि तोही चुकीच्या दारात.

कोणाला लावायचं हा पुढचा प्रश्न. पैसे नव्हते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. हा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत. लोक संकोचतात म्हणून मी हे दर वेळी मोठ्याने सांगते. मात्र तिथे अर्ज करताना ईएसआयच्या प्रकरणांचा अनुभव असलेला वकील मागावा. आयुष्यभर चेक बाउन्सच्या केसेस लढवलेला माणूस भला असला तरी कलम ५३ आणि कलम ७५ त्याला नव्याने वाचावं लागतं. शिवाय विमा न्यायालयात वकिलाऐवजी नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही लेखी अधिकारपत्रावर उभा राहू शकतो, कलम ७९ मध्ये तशी तरतूद आहे. आम्ही तो पर्याय ठेवला होता. पण नोकरीचा पुरावाच वादात होता आणि सुपरवायझरचा उलटतपास करावा लागला असता, म्हणून घरच्यांनी आमचे ते कामगार वकील लावले. फी टप्प्याटप्प्याने, आकडा आधी कागदावर लिहून ठरली. नोटिसा आणि शाखेला उत्तर यांचे पाच हजार, अर्ज दाखल करायची वेळ आली तर पुढचं.

वकिलांनी पहिली नोटीस ठेकेदाराला न देता मूळ कंपनीला दिली. कलम ४० ची जबाबदारी, गेटचं रजिस्टर, सीसीटीव्ही आणि ठेकेदाराची बिलं जपून ठेवण्याची मागणी. शाखेला सविस्तर उत्तर, सोबत सर्जनचं पत्र, मेसेज, आणि नोंदणी अपघातानंतर दोन दिवसांनी का झाली याची चौकशी करण्याची विनंती. आम्ही माहिती अधिकारात संचालनालयाच्या पाहणी अहवालाची प्रत मागितली होती, तीही आली. त्यात प्रेसवरची दोन हातांची बटणं निकामी असल्याची नोंद होती. ईएसआयच्या निरीक्षकाने कारखान्यात जाऊन गेटचं रजिस्टर तपासलं. अपघाताच्या आधीच्या तीन आठवड्यांत मुलाचं नाव रोज लिहिलेलं होतं, तारखेसह, येण्या-जाण्याच्या वेळेसह. वॉचमनने इमानदारीत लिहिलेल्या त्या रजिस्टरपुढे ठेकेदाराची तारीख टिकली नाही.

इजा कामावरची म्हणून मान्य झाली. तात्पुरत्या अपंगत्वाचे थकलेले पैसे आले. विमा न्यायालयात जावं लागलं नाही. पर्यायी दाव्याचा मसुदा तयार होता, तो दाखल करायची वेळ आली नाही.

टक्के

जखम भरल्यावर वैद्यकीय मंडळासमोर बोलावणं आलं. मंडळाने २० टक्के दिले. म्हणजे दोन बोटं मोजली आणि अनामिका सोडून दिली.

घरच्यांना वाटलं, मिळतंय ते घेऊ. सहा टक्के म्हणजे रोजचे २७ रुपये. पण वर्षाचे ते ९,८५५ होतात आणि हा मुलगा अजून तिशीतही नव्हता. मंडळाच्या निर्णयावर तीन महिन्यांत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. इथे पुन्हा तोच प्रश्न, पण या वेळी माझं उत्तर वेगळं होतं. आधी डॉक्टर, मग वकील. इथला वाद कायद्याचा नव्हता, हात किती चालतो याचा होता. हाताच्या सर्जनकडून पकडीची ताकद मोजून घेतली, उरलेल्या पेराचा सांधा वळत नाही याची नोंद घेतली, आणि उजव्या हाताने काम करणारा माणूस म्हणून त्याला कोणती कामं जमत नाहीत ते लिहून घेतलं. डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच सांगितलं होतं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण धरायचं. तो निकाल नुकसानभरपाई कायद्यातला. तरी कमाईची ताकद हातातल्या कामावरून बघायची हा त्यातला विचार आमच्या अर्जात उपयोगी पडला. वकिलांनी दोन पानांचा अपील अर्ज लिहून दिला. न्यायाधिकरणाने २८ टक्के केले, अनामिकेची पेरं आणि सांध्याचा ताठरपणा दोन्ही धरून. रोज १२६ रुपये, म्हणजे महिन्याला जवळपास ३,८००.

ठेकेदाराने त्याला कामावर परत घेतलं नाही. त्याबद्दलची तक्रार वेगळी चालू आहे आणि तिचा निकाल या प्रकरणात धरता येणार नाही. मुलगा आता तळेगावजवळ एका गोदामात स्टोअरचं काम करतो, डाव्या हाताने लिहायला शिकला आहे. नवी नोकरी लागली म्हणून ईएसआयचे महिन्याचे पैसे बंद होतील अशी भीती त्याच्या वडिलांना होती. ते बंद होत नाहीत. कायम अपंगत्वाचा लाभ पगार असला तरी आयुष्यभर चालू राहतो, फक्त ठरलेल्या वेळी हयातीचा दाखला शाखेत द्यावा लागतो. पहिल्या दाखल्याच्या वेळी आबा स्वतः परभणीहून आले होते, कारण त्यांना ते शाखेतल्या साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं.